बाण मोजणारा माणूस

दिवाळीत बाटलीत बाण उभा करायचा, वात पेटवायची आणि मागे पळून तो किती उंच जातो ते बघायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केलं आहे. त्या बाणाच्या पाकिटावर एखादं रंगीत चित्र असायचं, पण तो किती जोर लावणार आणि किती वेळ जळणार हे कुणी छापत नसे. इथे अमेरिकेत आपली मुलं स्काउटमध्ये किंवा शाळेच्या प्रोजेक्टसाठी मॉडेल रॉकेट घरी आणतात, तेव्हा मात्र त्याच्या बोटाएवढ्या इंजिनावर ए८-३, बी६-४, सी६-५ असं काहीतरी छापलेलं दिसतं. मग साहजिकच प्रश्न येतो, बाबा, याचा अर्थ काय? आणि घरात दोन-दोन इंजिनिअर असूनही थोडा वेळ शांतता पसरते.

त्या अक्षर-आकड्यांचा अर्थ या लेखात सांगणार आहेच. पण नुसता तक्ता देण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यातून तो सांगावा असं मला वाटलं. त्या माणसाचं नाव रॉबर्ट हचिंग्ज गॉडार्ड. नासाचं मेरिलँडमधलं गॉडार्ड स्पेस फ्लाइट सेंटर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे गॉडार्ड. इंजिनांवरची ही अक्षरं त्यांनी ठरवलेली नाहीत, ती पद्धत त्यांच्या मृत्यूनंतरची आहे. पण त्यामागचे प्रश्न त्यांचेच होते. रॉकेट एकूण किती ढकलतं? किती जोराने ढकलतं? आणि त्या जोरात किती वजन उचललं जातं? या प्रश्नांपायी या माणसाने तीस वर्षं घालवली. जगाने त्यांची चंद्राची गोष्ट ऐकली आणि जग हसलं. त्यांची मोजमापं मात्र फार थोड्यांनी वाचली.

चेरीचं झाड

गॉडार्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर इथे झाला. बॉस्टनच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावरचं हे शहर. (स्पेलिंग वाचून नवीन आलेला देशी माणूस त्याला हमखास वॉर्सेस्टर म्हणतो!) वडील नेहम गॉडार्ड यांना यंत्रांची आवड होती. मुलाला दुर्बीण, सूक्ष्मदर्शक आणि विज्ञानाचं मासिक आणून देणारे ते वडील होते. आई फॅनी पुढे क्षयाने आजारी झाली. रॉबर्ट स्वतः किडकिडीत आणि सतत काही ना काही दुखणं असलेला मुलगा. आजारपणामुळे तो शाळेत दोन वर्षं मागे पडला. पण घरी पडून राहणाऱ्या मुलाचं वाचन वाढतं, तसं त्याचंही वाढलं. सोळाव्या वर्षी त्याने एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी वाचली आणि ती त्याच्या डोक्यात घर करून बसली.

१९ ऑक्टोबर १८९९. सतरा वर्षांचा रॉबर्ट घरामागच्या चेरीच्या झाडावर वाळलेल्या फांद्या तोडायला चढला होता. तिथून समोरच्या शेतांकडे बघताना त्याच्या मनात आलं की मंगळापर्यंत जाणारं एखादं यंत्र बनवता आलं तर कसं? खाली उतरला तेव्हा आयुष्याचं काम ठरलेलं होतं. पुढे जन्मभर ते १९ ऑक्टोबर हा दिवस आपल्यापुरता पाळत असत, आपण तिथीने एखादा दिवस पाळावा तसा. १९३८ च्या मोठ्या वादळात ते झाड पडलं, तेव्हा त्याचीही त्यांनी डायरीत नोंद केली.

हायस्कूल संपलं तेव्हा रॉबर्ट एकवीस वर्षांचा होता. इतर मुलं त्या वयात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतात. पण १९०४ साली त्या वर्गात पहिला तोच आला. पुढे १९०८ मध्ये वूस्टर पॉलिटेक्निकमधून पदवी आणि १९११ मध्ये क्लार्क विद्यापीठातून भौतिकशास्त्रातली पीएच. डी. त्यानंतर संशोधनासाठी प्रिन्स्टन. सगळं मार्गी लागत होतं आणि १९१३ च्या सुरुवातीला त्यांनाही क्षयाने गाठलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. डॉक्टरांच्या मते त्यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे होते. घरी वूस्टरला परत आणलेला हा तिशीतला माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या वह्या चाळत होता. आपण गेलो तर हे सगळं आपल्याबरोबर जाईल, ही काळजी त्यांना आजारापेक्षा मोठी होती. हळूहळू ते सावरले, आणि ताकद येताच त्यांनी आपल्या कल्पनांचे पेटंट अर्ज मार्गी लावले.

जुलै १९१४ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन पेटंट मिळाली. एक टप्प्याटप्प्याने उडणाऱ्या रॉकेटचं: खालचा टप्पा जळून संपला की तो टाकून द्यायचा आणि वरचा पेटवायचा. दुसरं द्रवरूप इंधनाचं. आज दुकानात सी६-० असं इंजिन मिळतं. त्यातलं शेवटचं शून्य म्हणजे हे इंजिन खालच्या टप्प्यासाठी आहे, संपता क्षणी ते वरच्या टप्प्याला पेटवतं. १९१४ च्या पहिल्या पेटंटातली कल्पना अशी दहा वर्षांच्या मुलाच्या हातात येऊन पोचली आहे.

दोन टक्के

त्याच वर्षी गॉडार्ड क्लार्क विद्यापीठात शिकवू लागले आणि फावल्या वेळात साधे दारूचे बाण मोजू लागले. मोजणं म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. त्याआधीही रॉकेटं होतीच. म्हैसूरच्या फौजेचे लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी खाल्ले, त्यांचे नमुने विलायतेला नेले आणि काँग्रीव्ह यांनी त्यावरून आपली रॉकेटं बनवली. पण त्यांची ओळख वजनावरून असे, बत्तीस पाउंडी वगैरे. वजन किती ते कळायचं, त्याचा जोर किती ते कळायचं नाही.

गॉडार्ड यांनी रॉकेट लंबकाला जोडलं. रॉकेट पेटलं की लंबक ढकलला जातो. तो किती झोका घेतो त्यावरून रॉकेटने एकूण किती धक्का दिला ते काढता येतं. सुरुवातीपासून विझेपर्यंतची सगळी ढकलाढकल एका आकड्यात. यालाच आपण शाळेत आवेग म्हणून शिकलो. इंजिनावरचं पहिलं अक्षर नेमकं हेच सांगतं.

याचं एकक न्यूटन-सेकंद. शंभर ग्रॅमचं लिंबू तळहातावर ठेवलं की हाताला जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. तेवढा जोर एक सेकंद लावला की झाला एक न्यूटन-सेकंद. ए अक्षराचं इंजिन म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद. बी म्हणजे पाच, सी दहा, डी वीस, ई चाळीस, एफ ऐंशी आणि जी एकशे साठ. प्रत्येक अक्षराला दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांसारखा हा हिशोब आहे: ए पासून जी पर्यंत फक्त सहा पायऱ्या, पण ताकद चौसष्ट पट. खालच्या बाजूला अर्धा ए आणि पाव ए पण मिळतात, अगदी छोट्या रॉकेटांसाठी. एक गोष्ट लक्षात ठेवायची, अक्षर म्हणजे नेमका आकडा नसून पट्टा आहे. पाचच्या वर आणि दहापर्यंत सगळं सीच. त्यामुळे दोन वेगळ्या सी इंजिनांत बराच फरक असू शकतो.

तर, मोजल्यावर गॉडार्ड यांना काय दिसलं? दारूत जेवढी ऊर्जा असते तिच्यातली जेमतेम दोन टक्के ऊर्जा वायूच्या झोताला वेग देण्यात कामी येत होती. बाकीची सगळी उष्णतेत आणि भपक्यात वाया. झोताचा वेग सेकंदाला साधारण तीनशे मीटर. आपल्या दिवाळीतल्या बाणाचीही गत फार वेगळी नसावी!

इलाज त्यांनी वेगळ्याच ठिकाणाहून आणला. स्वीडनचे गुस्ताफ द लाव्हाल यांनी वाफेच्या टर्बाइनसाठी एक तोटी बनवली होती. (दुधातून साय वेगळी करणारं यंत्रही याच लाव्हाल यांचं.) ही तोटी आधी अरुंद होत जाते आणि मग पुन्हा रुंदावते. अरुंद गळ्याशी वायू आवाजाच्या वेगाला पोचतो आणि पुढच्या रुंद भागात पसरताना त्याहून जोरात धावतो. गॉडार्ड यांनी पोलादी कोठी घेतली, चांगल्या प्रतीची दारू वापरली आणि पुढे ही तोटी बसवली. झोताचा वेग सेकंदाला दोन हजार चारशे मीटरच्या घरात गेला आणि दोन टक्क्यांचे साठ टक्क्यांहून जास्त झाले. रॉकेट हे फटाक्याचं काम न राहता इंजिनाचं काम झालं ते इथे. मॉडेल इंजिन हातात घेऊन मागून बघितलंत तर मातीच्या तोंडाला बारीक भोक दिसेल. ती याच तोटीची साधीसुधी, स्वस्त बहीण.

चंद्र आणि चेष्टा

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत होता. हवाच नसेल तर रॉकेट ढकलणार कशाला? त्या काळी भल्या भल्या लोकांना वाटे की झोत मागच्या हवेला रेटतो म्हणून रॉकेट पुढे जातं. न्यूटनचा तिसरा नियम असं म्हणत नाही. रॉकेट आपल्याच वायूला मागे फेकतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पुढे जातं, हवा असो वा नसो. गॉडार्ड यांनी वाद घातला नाही. नळीतली हवा काढून घेतली आणि त्यात रॉकेट डागून मोजलं. निर्वातात जोर कमी तर झाला नाहीच, उलट थोडा वाढला.

हे प्रयोग पगारातून करणं परवडेना, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं. जानेवारी १९१७ मध्ये त्यांना ५००० डॉलर मंजूर झाले. मग अमेरिका महायुद्धात उतरली. गॉडार्ड यांनी सैनिकाला हातात धरून डागता येईल असं नळीतलं रॉकेट बनवलं आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये लष्करासमोर त्याचं प्रात्यक्षिक दिलं. नळी टेकवायला वाद्यवृंदात वापरतात ती नोटेशनची घोडी वापरली होती. प्रात्यक्षिक उत्तम झालं आणि चार-पाच दिवसांत युद्धच संपलं. विषय बासनात गेला. दुसऱ्या महायुद्धात बझुका आली ती याच वाटेने.

१९१९ च्या अखेरीला स्मिथसोनियनने त्यांचा प्रबंध छापला. विषय होता खूप उंची गाठण्याची पद्धत. बहुतेक पानं समीकरणं, तक्ते आणि मोजमापांची. शेवटी शेवटी एक उदाहरण होतं: पुरेसं मोठं रॉकेट केलं तर चंद्राच्या काळोख्या बाजूवर दारूचा भपका उडवून तो पृथ्वीवरून दुर्बिणीतून बघता येईल. झालं! जानेवारी १९२० मध्ये वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात टोमणा मारला की निर्वातात रेटायला काही नसतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं, या प्राध्यापकाला कळत नाही. ज्याने नेमकं हेच मोजून दाखवलं होतं, त्यालाच हा उपदेश. त्या पत्राने आपली चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत गॉडार्ड यांना जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

ते मुळातच अबोल. या चेष्टेने आणखी मिटले. पुढची मोजमापं त्यांनी जवळजवळ स्वतःपाशीच ठेवली.

एक्केचाळीस फूट

दारूच्या रॉकेटला मर्यादा आहेत हे त्यांना कळून चुकलं होतं. १९२१ पासून ते पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनकडे वळले. ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो, म्हणजे एका नळीत हाडं गोठवणारी थंडी आणि हातभर अंतरावर लोखंड वितळवणारी आग. याच काळात, १९२४ मध्ये, त्यांचं लग्न झालं. एस्थर किस्क या क्लार्क विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात काम करत. लग्नानंतर प्रयोगांचे फोटो काढणं, टिपणं टाइप करणं, ठिणगीने पेटलेलं गवत विझवणं, सगळं त्या करू लागल्या.

१६ मार्च १९२६. वूस्टरजवळ ऑबर्न गावात एफी वॉर्ड या त्यांच्या नात्यातल्या बाईंचं शेत होतं. जमिनीवर बर्फ. हजर माणसं चार: गॉडार्ड, एस्थर, कारागीर हेन्री सॅक्स आणि सहकारी पर्सी रूप. रॉकेट साधारण दहा फूट उंच, पण दिसायला पाइपांचा सांगाडा. इंजिन वर आणि टाक्या खाली. सॅक्स यांनी लांब काठीला बांधलेल्या ज्योतीने ते पेटवलं. इंजिन गरजू लागलं, पण रॉकेट जागचं हलेना.

का हलेना, हे कळलं की इंजिनावरचा दुसरा आकडा कळला. रॉकेट भरल्यावर वजन दहा पाउंडांच्या थोडं वर होतं आणि इंजिनाचा जोर होता सुमारे नऊ पाउंड. टाकी भरलेली आहे, पण नळाची धार बारीक. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर फाइल मोठी, पण बँडविड्थ कमी. इंजिनावरचं अक्षर म्हणजे टाकीत एकूण किती आहे आणि त्यापुढचा आकडा म्हणजे धार किती आहे, म्हणजे न्यूटनमध्ये सरासरी जोर. अक्षराला या आकड्याने भागलं की साधारण किती वेळ जळेल ते मिळतं. सी६ असेल तर दहा भागिले सहा, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या आसपास. सी११ हेही सीच, पण धार जवळजवळ दुप्पट, म्हणून वेळ कमी आणि जड रॉकेट उचलायची ताकद जास्त. हलक्या रॉकेटला सी६ बरं, जड रॉकेटला सी११. नुसतं अक्षर बघून विकत घेतलं तर फसायला होतं.

ऑबर्नचं रॉकेट सुमारे वीस सेकंद चौकटीतच जळत राहिलं. इंधन जळून वजन घटत गेलं आणि नऊ पाउंडांच्या खाली आलं तसं ते उचललं गेलं. एस्थरच्या कॅमेऱ्यात सात सेकंदांचीच फिल्म मावत असे. ती रॉकेट हलायच्या आधीच संपली! त्यामुळे जगातल्या पहिल्या द्रव इंधनाच्या रॉकेट उड्डाणाचं चित्रण नाही. उड्डाण अडीच सेकंदांचं. उंची एक्केचाळीस फूट, अंतर एकशे चौऱ्याऐंशी फूट. आपटलं ते कोबीच्या वाफ्यात.

कुतूहल म्हणून मी हिशोब करून बघितला. नऊ पाउंड म्हणजे चाळीस न्यूटन. गुणिले अडीच सेकंद, म्हणजे शंभर न्यूटन-सेकंद. आजच्या भाषेत ते जी अक्षराचं इंजिन झालं, हॉबी म्हणून रॉकेट उडवणारी मंडळी शनिवारी मैदानावर वापरतात तसलं. चौकटीत जळलेली वीस सेकंदंही धरली तर नऊशेच्या घरात जातं, म्हणजे जे. एकूण ताकदीतला हा मोठा हिस्सा जमीन सोडायच्या आधीच खर्च झाला. म्हणून आज नियम सांगतात की इंजिनाचा सरासरी जोर रॉकेटच्या वजनाच्या निदान पाचपट तरी असावा. सी६ चा जोर साधारण सहाशे ग्रॅम वजनाएवढा आणि सी६-५ साठी दिलेली रॉकेटच्या वजनाची मर्यादा सुमारे ११३ ग्रॅम. भागाकार करून बघा, बरोबर बसतो.

आगीच्या बंबापासून रॉसवेलपर्यंत

१७ जुलै १९२९ रोजी गॉडार्ड यांनी ऑबर्नलाच हवामापक, तापमापक आणि छोटा कॅमेरा ठेवलेलं रॉकेट सोडलं. आवाज एवढा झाला की शेजाऱ्यांना विमान कोसळलं असं वाटलं. पोलीस आले, अँब्युलन्स आली, पाठोपाठ वार्ताहर आले. राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये रॉकेट उडवायला बंदी केली. (त्याच राज्यात आजही घरगुती फटाक्यांना बंदी आहे, हे तिथल्या वाचकांना सांगायला नकोच.)

पण या गोंधळाची बातमी चार्ल्स लिंडबर्ग यांनी वाचली. एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारे तेच ते. नोव्हेंबरमध्ये ते स्वतः गॉडार्डना भेटायला वूस्टरला आले आणि त्यांच्या शब्दाखातर डॅनियल गुगेनहाइम या धनिकाने चार वर्षांसाठी एक लाख डॉलर देऊ केले. १९३० मध्ये गॉडार्ड दांपत्य सामानसुमान घेऊन न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेलं. उघडं माळरान, कोरडी हवा, लांब लांबचे शेजारी. क्षय झालेल्या फुप्फुसांनाही बरं आणि रॉकेटलाही.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला रॉकेट दोन हजार फूट चढलं. पण मंदी होतीच, गुगेनहाइम त्याआधीच गेले होते, पुढे पैसे थांबले आणि दोन वर्षं पुन्हा शिकवायला वूस्टर. परत आल्यावर भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या जायरोस्कोपने रॉकेट सरळ ठेवायची युक्ती त्यांनी पक्की केली. २८ मार्च १९३५ रोजी असं रॉकेट ४८०० फूट चढलं. १९३७ मध्ये त्यांनी आठ-नऊ हजार फुटांपर्यंत मजल मारली. १९२६ ते १९४१ या काळात एकूण चौतीस उड्डाणं.

चढवणं जमलं तरी उतरवणं सोपं नव्हतं. पॅराशूट वेळेवर उघडायला हवं. रॉकेट जोरात असताना उघडलं तर फाटतं, खाली येऊ लागल्यावर उघडलं तर उशीर झालेला असतो. रॉकेट सगळ्यात वर पोचून क्षणभर थबकतं तोच खरा मुहूर्त. मॉडेल इंजिनावरचा शेवटचा आकडा याचसाठी आहे. सी६-५ मधला ५ म्हणजे मुख्य दारू संपल्यावर पाच सेकंद नुसता धूर सोडणारा सावकाश थर जळतो. तेवढ्या वेळात रॉकेट आपल्याच वेगाने चढत राहतं. मग वरचा छोटा बार उडतो आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. हलक्या रॉकेटला जास्त सेकंद लागतात, जड रॉकेटला कमी.

रॉसवेलची वर्षं त्यांच्या सुखाची असावीत, पण तिथेच त्यांच्या स्वभावाची किंमतही दिसते. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमधून फ्रँक मलिना हा तरुण संशोधक त्यांना भेटायला आला. गॉडार्ड यांनी पाहुणचार केला, रॉकेटचे बारकावे दाखवले नाहीत. त्या वर्षी स्मिथसोनियनने त्यांचा एक छोटा अहवाल छापला, पण आकृत्या आणि आकड्यांची भूक भागेल असं त्यात फारसं नव्हतं. कॅलटेकच्या मुलांनी मग आपलं आपण शोधलं आणि त्यातूनच पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. जर्मनीत तर सरकारी पैशांवर शेकडो माणसं याच कामाला लागली होती. गॉडार्ड यांच्या कारखान्यात चार-पाच माणसं. एकाच कुलपाच्या किल्ल्या जो तो आपापल्या घरी घडवत होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने त्यांना विमानाला उड्डाणाच्या वेळी जादा रेटा देणाऱ्या रॉकेटांच्या कामावर अॅनापोलिसला बोलावलं. १९४५ मध्ये जर्मनांच्या व्ही-२ चे भाग त्यांना बघायला मिळाले. टाक्या, पंप, जायरोस्कोप, झोतातली पाती, बहुतेक गोष्टी ओळखीच्या, फक्त आकार अवाढव्य. ते बघताना त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १० ऑगस्ट १९४५ रोजी बॉल्टिमोरमध्ये घशाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय बासष्ट.

बाकीचं काम एस्थरने केलं. वह्या आणि डायऱ्या लावून तिने आणखी १३१ पेटंट मिळवली. एकूण संख्या २१४ झाली. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने ती पेटंट वापरल्याबद्दल दहा लाख डॉलर मोजले. ऑबर्नच्या शेतावर पुढे गोल्फ कोर्स झाला, आणि त्याच १९६० साली जिथून रॉकेट उडालं तिथे दगडी खूण उभारली गेली.

पाकिटावर छापलेले आकडे

मग ही इंजिनं आली कुठून? १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतली शाळकरी मुलं घराच्या तळघरात स्वतःच रॉकेटची दारू कुटायला लागली. बोटं गेली, डोळे गेले, काही जीवही गेले. नेब्रास्कातले बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्येच भावाच्या भाषणांत दाखवण्यासाठी कागदी नळीचं रॉकेट आणि बदलता येणारं इंजिन बनवलं होतं. व्हाइट सँड्स इथे काम करणारे हॅरी स्टाइन यांचा लेख वाचून त्यांनी ते स्टाइन यांना पाठवलं. मुलांनी दारूला हात लावायचा नाही, इंजिन कारखान्यातच बनलं पाहिजे, हा या छंदाचा पहिला नियम ठरला. १९५९ मध्ये डेन्व्हरचे व्हर्न एस्टेस यांनी काही सेकंदाला एक इंजिन करणारं यंत्र बनवलं. एकसारखं इंजिन बनू लागलं म्हणून ते मोजता आलं, आणि मोजलेलं पाकिटावर छापता आलं. आजही तपासणी होते ती गॉडार्डच्याच रीतीने: इंजिन बांधून ठेवायचं, जाळायचं आणि क्षणाक्षणाचा जोर टिपायचा.

तेव्हा घरी पहिलं रॉकेट आणलंत तर ए किंवा बी पासून सुरुवात करा. किटवर कोणती इंजिनं चालतील त्याची यादी असते, तिच्या बाहेर जाऊ नका. विजेच्या स्विचने पेटवा, पंधरा फूट लांब उभे राहा, मैदान मोठं आणि गवत ओलं बघा आणि गावातल्या फायर खात्याचे नियम आधी विचारून घ्या. पण उडवायच्या आधी मुलांना कागद-पेन्सिल द्या. अक्षर भागिले आकडा, म्हणजे किती सेकंद. आकडा भागिले रॉकेटचं वजन, दोन्ही न्यूटनमध्ये, म्हणजे कितीपट. मग बाहेर जाऊन ताडून बघा. आपली मुलं इथे गणित विसरतात अशी आपली तक्रार असते, त्यावर हा उतारा वाईट नाही.

आपल्याकडचा एक धागाही यात आहे. १९६३ मध्ये भारताच्या थुंबा केंद्राची तयारी चालली होती, तेव्हा अब्दुल कलाम काही महिने अमेरिकेत नासाकडे शिकायला आले होते. मेरिलँडचं गॉडार्ड केंद्र आणि व्हर्जिनियाचं वॉलप्स बेट ही त्यांच्या वाटेवरची ठिकाणं. वॉलप्सला भिंतीवर त्यांनी एक चित्र पाहिलं, म्हैसूरच्या फौजेच्या बाणांचं. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून भारतातलं पहिलं संशोधन रॉकेट उडालं.

गॉडार्ड यांनी बाण मोजला आणि मोजलेलं बरंचसं वहीत मिटून ठेवलं. चेष्टा झालेल्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? पण जे त्यांनी झाकून ठेवलं ते इतरांना पुन्हा शोधावं लागलं. आज दहा वर्षांच्या मुलीच्या हातातल्या इंजिनावर तीनही उत्तरं उघड छापलेली असतात, कुणीही वाचावीत अशी. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे ए८-३ आलं, तर ते पेटवायच्या आधी तेवढं मुलांना वाचून दाखवा.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!